न लावलेली तसबीर

बाबा निवृत्त झाले त्या दिवशी घरी तीन वस्तू आल्या. शाल, नारळ आणि काचेची एक तसबीर. शाल आईनं पुढं कित्येक हिवाळे वापरली, नारळाच्या दुसऱ्या दिवशी वड्या झाल्या. तसबीर मात्र ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आली होती, त्या वर्तमानपत्रासकट लोखंडी कपाटामागच्या फटीत गेली. निळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘शाब्बास, भल्या व विश्वासू दासा!’ खाली बारीक अक्षरांत मत्तय 25:21.

बाबा 31 वर्षं मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो आणि घरातल्या भिंती सजवण्याचा मला उत्साह होता. खिळा नि हातोडी घेऊनच मी विचारलं, "बाबा, ही कुठं लावू?"

"राहू दे."

"का? वचन आहे की."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दास म्हणवून घ्यायचं नाही म्हणून तर तुझ्या आजोबानं गाव सोडलं."

विषय तिथंच संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

आजोबांचं गाव गोदावरीकाठचं. घर येसकराचं. गावाच्या वेशीवर राखण, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं धावणं, मयताची खबर घेऊन रात्री-अपरात्री दुसऱ्या गावाला जाणं, मेलेलं ढोर ओढणं. आणि या सगळ्याच्या बदल्यात संध्याकाळी काठी वाजवत दारोदार भाकरी मागणं. त्याला वतन म्हणत. वतन हा शब्द ऐकायला कसा भारदस्त वाटतो! ते मोडावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं, आणि ते खरोखर कायद्यानं मोडायला 1958 साल उजाडलं. आजोबा तेवढे थांबले नाहीत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तालुक्याच्या गावी आले, मिशनच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली राहिले. बाप्तिस्म्यानं काय बदललं असं कुणी विचारलं तर ते धर्मशास्त्र सांगत नसत. "जोहार सुटला, सलाम आला," एवढंच म्हणत. जोहार वाकून घालायचा असतो. ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम करतात तो उभ्यानं, हातात हात घेऊन.

अशा घरात ‘दास’ हा शब्द सोनेरी अक्षरांत आला, तर तो कपाटामागंच जाणार.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. मग परवाच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळकसाहेबांनी माझ्यावर शास्त्रवाचन सोपवलं. आमच्याकडं बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि अधूनमधून गायनं होतात. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत पंख्यांचा आवाज. मला जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 53वा अध्याय मिळाला. लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय, की शब्द कानावरून निसरड्या गोट्यांसारखे जातात. तुच्छ मानलेला, माणसांनी टाकलेला, ज्याला पाहून लोक तोंड फिरवतात असा. पण त्या दिवशी मोठ्यानं वाचताना ‘तोंड फिरवतात’पाशी मी अडखळलो. दवाखान्यात बाबांच्या हातचं पाणी नको म्हणणारे पेशंट असत. आडनाव विचारून मग नको म्हणणारे. पाणी नको, पण रात्री दोनला बेडपॅन बाबांनीच द्यायचं. मी वाचत होतो परमेश्वराच्या सेवकाविषयी आणि डोळ्यांपुढं खाकी अर्धी चड्डी घातलेला माझा बाप होता.

घरी येऊन पुन्हा सगळं वाचायला घेतलं, या वेळी सावकाश.

यशयाच्या पुस्तकात हा सेवक चार ठिकाणी ठळकपणे येतो: 42व्या अध्यायाच्या सुरुवातीला, मग 49, मग 50, आणि शेवटी 52च्या अखेरीपासून पूर्ण 53. बर्नहार्ट डूम या जर्मन अभ्यासकानं 1892 साली ही चार काव्यं वेगळी काढून दाखवली, तेव्हापासून त्यांना ‘सेवकगीतं’ म्हणतात. काळ बाबेलच्या बंदिवासाचा. इ.स.पू. 586मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, शहाणीसुरती माणसं बेड्या घालून परमुलखात नेली गेली. आपला देव हरला की काय, या प्रश्नात बुडालेल्या लोकांपुढं कुणीतरी म्हणतं: पाहा, हा माझा सेवक.

आणि हा सेवक करतो काय? रस्त्यात आवाज चढवत नाही. चेपलेला बोरू मोडत नाही, मिणमिणती वात विझवत नाही. इथं मराठी भाषांतरकारांना मी मनातल्या मनात सलाम केला. मूळ शब्द पाणथळीत उगवणाऱ्या वेताचा. पण ‘बोरू’ म्हटल्यावर आपल्याला शाळेतली लेखणी आठवते. टोक चेपलं की बोरू फेकून द्यायचा, नवा तासायचा. तो फेकत नाही.

एक गोष्ट मला या वयापर्यंत कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असेल तर मी झोपलो असेन. मशीहा म्हणजे अभिषिक्त, ज्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला नेमलंय तो. हिब्रूतला माशीआख, ग्रीकमध्ये ख्रिस्तोस. यशयाच्या 40 ते 55 या सोळा अध्यायांत, म्हणजे ज्या भागात सेवक आहे त्याच भागात, हा शब्द फक्त एकदा येतो. तो सेवकाला लावलेला नाही. तो लावलाय कोरेशला! पारसाचा सम्राट, ज्यानं इ.स.पू. 539मध्ये बाबेल घेतली आणि बंदिवानांना घरी जाऊ दिलं. 45व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत परमेश्वर त्या परक्या राजाला आपला अभिषिक्त म्हणतो. त्याच्यापुढं वेशी उघडतात, पितळी दारं फुटतात.

म्हणजे त्या पानांवर दोन माणसं आहेत. एकाजवळ सैन्य आहे आणि ‘मशीहा’ हे नाव आहे. दुसऱ्याजवळ काहीच नाही, नावसुद्धा नाही. ख्रिस्ती विश्वासाचं सगळं वेडं धाडस यात आहे, की त्यानं पहिल्याचं नाव उचलून दुसऱ्याला दिलं.

हे सोपं नव्हतं हे शुभवर्तमानं लपवत नाहीत. फिलिप्पाच्या कैसरियाकडं जाताना येशू विचारतो, मी कोण आहे म्हणता? पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. शंभर टक्के बरोबर उत्तर. लगेच येशू सांगू लागतो, की मला दुःख सोसावं लागेल, मारलं जावं लागेल. आणि हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्राच्या डोक्यात कोरेश होता. दोनच अध्याय पुढं याकोब आणि योहान उजव्या-डाव्या खुर्च्यांसाठी अर्ज घेऊन येतात, बाकीचे दहा चिडतात (चिडले ते तत्त्वासाठी की खुर्च्यांसाठी, हे मार्क सांगत नाही, आणि आमच्या मंडळीच्या पंच कमिटीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला ते सांगावंही लागत नाही). तेव्हा येशू म्हणतो, मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, करायला आला आहे. पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला. त्या ‘पुष्कळां’मध्ये यशयाच्या 53व्याचा प्रतिध्वनी आहे असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही वाटतं. तिथंही सेवक पुष्कळांचं पाप वाहतो.

ठाण्याच्या शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, सहकारी होते. अलिबागकडचे, घरात शुद्ध मराठी, शनिवारी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये. एकदा डबा खाताना मी मोठ्या उत्साहानं त्यांना 53वा अध्याय सांगितला. जणू त्यांनी तो वाचलाच नसावा! त्यांनी शांतपणे भाजी माझ्याकडं सरकवली नि म्हणाले, "अहो, तो सेवक म्हणजे आम्ही. 49 काढा घरी जाऊन. नाव लिहिलंय त्यात." काढलं. तिसऱ्याच ओळीत आहे: तू माझा सेवक आहेस, इस्राएल. अकराव्या शतकात राशी या यहुदी भाष्यकारानंही हेच म्हटलं होतं, की देशोदेशी मार खाणारी ही सबंध जमातच तो सेवक. आणि त्याहून जुन्या अरामी भाषांतरात, तार्गूममध्ये, सेवक म्हणजे मशीहा असं स्पष्ट म्हटलंय, पण त्याच्या वाट्याची सगळी दुःखं उचलून दुसऱ्यांच्या वाट्याला टाकलीत. मशीहा हवा, मार नको.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला उत्तर येत नव्हतं हे एक, आणि दुसरं असं की ज्या लोकांनी इतका मार खाल्ला त्यांनी ‘हे आम्ही’ म्हटल्यावर ‘नाही, ते आमचे’ म्हणणं मला बरं वाटेना. आज मी एवढंच म्हणेन, की ख्रिस्ती माणूस जेव्हा येशूला तो सेवक म्हणतो तेव्हा इस्राएलाला त्या ओळीतून पुसून टाकत नाही, निदान टाकू नये. येशू त्याच घरातला. सगळ्या घराचं काम एका मुलानं अंगावर घ्यावं, तसं काहीतरी.

हा सेवक नेमका कोण, हा प्रश्न नवा नाहीच. प्रेषितांच्या कृत्यांत, गाझाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर, एक कूशी (इथिओपियाकडचा) अधिकारी रथात बसून याच अध्यायातली ओळ वाचत असतो आणि फिलिप्प या सुवार्तिकाला विचारतो: हे संदेष्टा कोणाविषयी बोलतोय, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? आम्ही नेहमी फिलिप्पाचं उत्तर ऐकून पुढं जातो. पण विचारणारा कोण होता? षंढ. राणीच्या खजिन्याचा कारभारी, मोठ्या हुद्द्याचा माणूस. पण शरीर कापून सेवक केलेला. तो वाचत होता अशा एकाविषयी, ज्याला कातरणाऱ्यापुढच्या मेंढीसारखं उभं केलं आणि ज्याच्या पिढीविषयी बोलायला कुणी उरलं नाही. त्याला तो परका वाटला असेल का? मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत 1947 साली यशयाची सबंध गुंडाळी सापडली. सात मीटरहून लांब, 54 रकान्यांची. त्या मापानं पाहिलं तर 53व्या अध्यायापासून दोन-तीन रकाने पुढं गेलं की 56वा येतो, आणि तिथं षंढांना वचन आहे, की मुलाबाळांहून चांगलं नाव मी तुम्हांला माझ्या घरात देईन. रथ आणखी थोडा हळू चालला असता तर तो तिथंही पोचला असता. कदाचित नंतर पोचला असेलच.

त्याच गुंडाळीत 53च्या अकराव्या ओळीत एक जास्तीचा शब्द आहे, जो परंपरेनं आलेल्या हिब्रू पाठात नाही: इतक्या यातनेनंतर तो ‘प्रकाश’ पाहील. मला हा शब्द फार आवडतो. असावा तो तिथं.

आता ‘दास’ या शब्दाकडं. हिब्रूत ‘एबेद’ एकच. गुलामही एबेद, राजाचा मंत्रीही एबेद, आणि मोशे व दावीद परमेश्वराचे एबेद. मराठीनं त्याचे दोन तुकडे केले. यशयात ‘सेवक’, पण फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्तानं स्वतःला रिकामं करून ‘दासाचं’ रूप घेतलं. तिथला ग्रीक शब्द सरळ सरळ गुलामाचा आहे. पौलाचं पत्र ऐकणाऱ्यांना त्यात काव्य वाटलं नसेल. रोमी जगात गुलामाला कुठं टांगतात हे सगळ्यांना माहीत होतं. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. 71मध्ये, रोमी सेनापती क्रॅससनं कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर 6,000 जणांना वधस्तंभावर चढवलं होतं. दासाचं रूप म्हणजे तो रस्ता.

देव सेवक होतो ही कल्पना मराठी कानाला नवी नाही. आजोबांच्या गावापासून पैठण लांब नाही. श्रीखंड्यानं नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी भरल्याची कथा आजी सांगायची, ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा. गोड कथा आहे. पण तिच्यात देव ओळखला जातो त्या क्षणी नाहीसा होतो. नोकराचं रूप हे पांघरूण. यशयातला सेवक नाहीसा होत नाही. त्याला मारतात, दाढी उपटतात, तोंडावर थुंकतात, आणि तो तिथंच असतो. खरं तर मला तो चोखोबांच्या जवळचा वाटतो. चोखोबा मंगळवेढ्याच्या कुसवाच्या कामावर होते, वेठीवर, आणि कूस अंगावर कोसळून गाडले गेले. तिथं कुणी कावड घेऊन धावून आलं नाही.

अरविंद निर्मळ हे मराठी ख्रिस्ती धर्मपंडित. 1981 साली बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणापासून त्यांनी दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाचा पाया घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमचा देव सेवक देव आहे, सेवकांचं दैन्य त्याला बाहेरून पाहावं लागत नाही. मी ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि लगेच बाबांची आठवण होऊन शंकाही आली. ज्यांच्या पाठीवर सेवा लादली, त्यांना ‘सेवा दैवी आहे’ म्हणून सांगणं धन्याच्या फार सोयीचं असतं. ‘त्याने आपले तोंड उघडले नाही’ ही ओळ कुणी कुणाला वाचून दाखवली, हे पाहायला हवं.

याचं एक उत्तर मला आईकडून मिळालं, आणि तिला ते उत्तर आहे हे ठाऊक नव्हतं. दवाखान्यात एका मोठ्या डॉक्टरनं एकदा रागाच्या भरात ड्रेसिंगचा ट्रे बाबांच्या अंगावर फेकला होता. सगळ्या वॉर्डासमोर. बाबांनी कात्र्या-चिमटे गोळा केले, ट्रे टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, चूक काय झाली ते सांगा. चूक नसंल तर फेकला का?" त्याचा मेमो मिळाला. ‘उद्धट वर्तन’. आई म्हणाली, "तो मेमो त्यांनी जपून ठेवलाय, ट्रंकेत, घराच्या कागदांबरोबर."

अटकेनंतर हन्ना या याजकाच्या वाड्यात शिपायानं येशूला थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प बसला नव्हता. मी वाईट बोललो असेन तर ते काय ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं होतं. योहानाचा 18वा अध्याय. तोच येशू पुढं पिलातासमोर एका टप्प्यावर तोंड उघडत नाही. म्हणजे गप्प राहणं हा त्याचा स्वभाव नव्हता, निर्णय होता. तोंड कुठं उघडायचं आणि कुठं नाही, हे तो ठरवत होता, धनी नव्हता ठरवत. आदल्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले तेही तसंच. योहान मुद्दाम सांगतो, की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय हे ओळखून तो जेवणावरून उठला. सगळं हाती असलेला माणूस घंगाळ उचलतो. येसकराला कुणी विचारलं नव्हतं, घोड्यापुढं धावणार का म्हणून.

‘विश्वासू’ हा शब्दही मी जन्मभर चुकीचा समजलो असेन. विश्वासू म्हणजे न कुरकुरणारा, असं माझ्या डोक्यात होतं. धन्याच्या सर्टिफिकेटात असतो तसा. पण यशयाचा सेवक कुरकुरतो! 49व्या अध्यायात, आईच्या पोटापासून मला बोलावलंय असं सांगून झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या ओळीतच तो म्हणतो, की मी फुकट राबलो, माझी ताकद वाऱ्यावर गेली. आणि मग, तरीही माझा न्याय परमेश्वरापाशी आहे. त्यावर देव त्याला दटावत नाही. उलट काम वाढवतो: एवढ्या इस्राएलाला परत आणणं हलकं काम झालं, तू राष्ट्रांचा प्रकाश हो. हताश झालेल्या माणसाला बढती! आमच्या बँकेत असं कधी झालं नाही.

अटकेआधीच्या गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेत, आणि वधस्तंभावरच्या चौथ्या उद्गारात, मला हीच ओळ ऐकू येते. माझ्या देवा, तू मला का टाकलंस? उत्तम शुक्रवारी त्या उद्गारावर बोलणारा वक्ता बहुधा घाईनं पुनरुत्थानाकडं पळतो. पळू नये. सेवकाला शेवट माहीत असता तर त्याच्या विश्वासूपणाची किंमत ती काय राहिली असती?

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या शुक्रवारी रात्री मी त्यांचं पवित्र शास्त्र काढलं, काळं रेक्झिन, कोपरे रबरबँडनं बांधलेले. ते पेन्सिलीनं खुणा करत, पण फार कमी. 53वा अध्याय पाहिला, कोरा. मत्तय 25, कोरा. स्तोत्रसंहितेत चार-दोन रेघा, बहुतेक आजी गेली त्या वर्षीच्या. मग 49 उघडला. चौथ्या ओळीखाली रेघ होती, जिथं तो फुकट राबल्याचं म्हणतो तिथं, जरा दाबून मारलेली, मागच्या पानावर उमटलेली. ती ओळीच्या अर्ध्यावर थांबली होती. ‘तरी’च्या अलीकडं.

पेन्सिलीचं टोक मोडलं असेल. किंवा वॉर्डातून हाक आली असेल. डबलड्यूटीला ते शास्त्र बरोबर नेत असत.